एकाच छपराखाली दोन मेजवान्या

क्रॅगडेल, यॉर्कशायर
१४ मे १९०१

तीर्थरूप दादांस,

धाकट्या जोसायाचा नमस्कार. लंडनच्या ओलीत तुमचा गुडघा फार कुरकुरत नसेल अशी आशा आहे. इकडे आम्ही ठीक, माझं पोट तेवढं बिघडलंय. दोष आपल्या लिबरल पक्षाचा.

दक्षिण आफ्रिकेतल्या युद्धावरून आमच्या क्लबात उभी फूट पडलीय. एका गटाचे पुढारी गिरणीवाले आर्मिटेज. त्यांचं म्हणणं, साम्राज्य गेलं चुलीत, आधी युद्ध थांबवा (त्यांच्या गिरणीत पलटणीचं खाकी कापड विणतात, ते सोडा). दुसऱ्या गटाचे पुढारी वकील पिकर्सगिल. ते शत्रूकडचा शेवटचा बोअर लोळवल्याशिवाय थांबायचे नाहीत (घरी बायकोपुढे ब्र काढत नाहीत) आणि आर्मिटेजना "बोअरांचे जावई" म्हणतात. आमच्या पक्षात भांडण झालं की मेजवानी द्यायची रीत. दोघांनी नेमका एकच गुरुवार धरला. क्लब एक, स्वयंपाकीण एक. मग युद्धवाले माडीवर, शांततावाले तळमजल्यावर, आणि चिटणीस म्हणून मी जिन्यात! वर सूप, खाली मटण, पुन्हा वर पुडिंग.

भाषणाला दोघांनाही मीच हवा होतो, कारण आपला विल्फ तिकडे लढतोय. वर पिकर्सगिल गरजले, "साम्राज्याच्या या शूर पुत्रासाठी!" खाली आर्मिटेजनी डोळे पुसले, "बळी दिलेल्या या लेकरासाठी!" मी दोन्हीकडे पेला उचलला आणि दोन्हीकडे तेच बोललो, "मित्रहो, आभारी आहे." टाळ्याही सारख्याच पडल्या. जिन्यात स्वयंपाकीण मिसेस ग्रीव्ह भेटली. म्हणाली, "पोराचं पत्र आलं का हो?" मी म्हटलं, "पुडिंग वर न्या, थंड होतंय."

आता दोन्ही गट माझा राजीनामा मागताहेत, मी पलीकडे जेवलो म्हणून. खुशाल घ्या म्हणावं. वहिनींना नमस्कार.

आपला,
जोसाया थ्वेट

ता. क. विल्फचं पत्र येऊन नऊ आठवडे झाले. युद्धखात्याच्या दारावर मेलेल्या-जखमींच्या याद्या लावतात म्हणे. गुडघा चालू देत असेल तर एकदा जाऊन आपलं आडनाव बघाल का?

आणखी ता. क. विल्फच्या आईला, हेस्टरला, सांगू नका. तिनंही तुम्हाला हेच विचारलं असणार. तिचं तुमच्या नावाचं पाकीट मीच टपालपेटीत टाकलं. नाव नसेल तर तार करा. असेल तर तार नको, तुम्ही स्वतः या.