पान चौदावरचा कठडा

प्रिय ताई,

वर माझ्या नावाचा छापील मथळा नाही, वहीतून फाडलेलं पान आहे, हे पाहून तुला नवल वाटेल. आमदारकीच्या पाच वर्षांत मी हजारो पत्रांवर सह्या ठोकल्या, पण स्वतः बसून लिहिलेलं हे पहिलंच. हात दुखायला लागलाय आणि अक्षर तू वळण लावलेलं असूनही पार बिघडलंय. तुझ्या वॉर्डातल्या नर्सबाईंना मी रोज फोन करतो. मनगट दोन ठिकाणी मोडलंय, प्लास्टर अजून पाच आठवडे राहील आणि पुढे शिवणाची कात्री धरता येईल की नाही हे आत्ता सांगता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. खरं तर हे तुलाच विचारायला हवं. पण तुझ्यासमोर यायला मला तोंड नाही.

आलो होतो तेव्हा कसा आलो होतो ते आठवतंय ना? पुढे दोन कार्यकर्ते, मागे फोटोग्राफर, हातात फुलं. सख्ख्या बहिणीला भेटायला माणूस असा येतो का? तू सगळ्यांना बाहेर जायला सांगितलंस, डाव्या हाताने उशीखालून माझा कार्यअहवाल काढलास आणि पान चौदा उघडलंस. आमच्या लोकांनी प्रकाशनाआधीच पहिला गठ्ठा वाटला, तोही नेमका तुमच्याच वॉर्डात. तू आवाजही चढवला नाहीस. म्हणालीस, "शेपट्या, हा कठडा कुठे आहे ते मला दाखव. मी तिथूनच पडले." मी घड्याळाकडे पाहिलं, पुढच्या सभेला उशीर होतोय म्हणालो आणि पळालो. हो, पळालोच. त्याला दुसरा शब्द नाही.

अहवाल छापायला जाण्याआधी मी स्वतः तपासला होता, ताई. चांगले दोन तास. माझ्या कुठल्या फोटोत दुहेरी हनुवटी दिसते आणि कुठल्यात नाही, एवढंच पाहत बसलो. पान चौदावर 'कालव्यावरील पादचारी पुलास मजबूत कठडा' असं लिहिलंय आणि शेजारी जो फोटो आहे तो विश्रामगृहाजवळच्या पुलाचा आहे. फोटोग्राफरला कठडा असलेला पूल हवा होता, तो जिथे सापडला तिथला त्याने काढला. त्या विश्रामगृहात मी इतक्यांदा उतरलोय, तरी मला तो पूल ओळखू आला नाही.

आता जास्त लाजेची गोष्ट सांगतो. तीन वर्षांपूर्वी तू माझ्या कार्यालयात अर्ज घेऊन आली होतीस. घरी सांगितलं असतंस तरी चाललं असतं, पण बहीण म्हणून काही मागायचं नाही हा तुझा हट्ट. बाहेरच्या बाकावर नंबर घेऊन दीड तास बसलीस. मी आतल्या काचेतून तुला पाहिलं होतं. बाहेर यायला हवं होतं, निदान पाणी तरी विचारायला हवं होतं. पण मला काय वाटलं असेल? बरं वाटलं. दुसऱ्याच दिवशी भाषणात सांगितलं, की माझी सख्खी बहीणसुद्धा माझ्याकडे रांगेत उभी राहते, वशिल्याने एक कागद हलत नाही. अशा टाळ्या पडल्या! मग ती गोष्ट मी गावोगाव सांगत सुटलो. अहवालाच्या दुसऱ्या पानावरही ती आहे, ठळक अक्षरांत. तीन वर्षं तुझी रांग मी विकली, आणि त्या रांगेत तुझ्या हातात कसला कागद होता ते एकदाही वाचलं नाही.

तो कागद मी गेल्या शुक्रवारी पाहिला. हेडक्लार्कने अर्ध्या मिनिटात काढून दिला, आमच्याकडे कागद हरवत नाहीत. 'माननीय आमदार साहेब' अशी सुरुवात आहे. कारखान्याच्या बायका शिफ्टला त्या पुलावरून जातात, खाली पाणी खोल आहे, धरायला काहीही नाही, कोणीतरी पडायच्या आत कठडा लावावा. साडेचार ओळी. त्यावर लाल शिक्का आहे, 'निकाली'. हेडक्लार्कवर मी ओरडणार होतो, पण त्याने माझीच सूचना पुढे ठेवली. निवडून आल्यावर पहिल्याच महिन्यात मी ठरवलं होतं, की आपलं शिफारसपत्र पुढच्या खात्यात गेलं की अर्ज निकाली धरायचा. त्यामुळे आकडा कसा भरभर वाढायचा! तू त्यातला एक आकडा आहेस.

रविवारी मी चालत, एकटा त्या पुलावर गेलो. शिफ्ट सुटली होती. बायका एकीमागे एक, पुढचीच्या खांद्यावर हात ठेवून येत होत्या. ही सवय त्यांना तूच लावलीस असं कळलं. तू पडलीस त्या दिवशी नेमकी एकटी होतीस आणि हातात शिवलेल्या कपड्यांचं गाठोडं. मी मध्यावर गेलो आणि धरायला काही शोधत तिथेच थांबलो. मागून एक बाई म्हणाली, "काका, माझ्या खांद्यावर हात ठेवा आणि खाली बघू नका." तिने मला ओळखलं नाही. बरंच झालं.

सोमवारी बांधकाम खात्याला फोन केला, कठडा ताबडतोब बसवा म्हणालो. ते म्हणाले, साहेब, हे काम झाल्याचं तुम्हीच यादीत कळवलंय, झालेलं काम पुन्हा कसं मंजूर करायचं? यादी दुरुस्त करायची तर आधी आमच्या कार्यालयातला निकाली अर्ज पुन्हा उघडायला हवा, आणि त्याला अर्जदाराचीच लेखी हरकत लागते, दुसऱ्या कोणाची चालत नाही. हाही नियम माझाच. विरोधकांनी जुनी प्रकरणं उकरून काढू नयेत म्हणून केलेला. म्हणजे मी आमदार असून तो अर्ज उघडू शकत नाही, तू उघडू शकतेस.

म्हणून हे पत्र. सोबत एक कागद जोडलाय. तुझ्या वतीने, माझ्याविरुद्ध, मीच लिहिलेली हरकत. कठडा बसवलेला नाही, अहवालातला फोटो दुसऱ्या पुलाचा आहे आणि आमदारांनी माझा अर्ज वाचलाच नाही, असं त्यात लिहिलंय. तुझा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, तेव्हा डाव्या हाताचा अंगठा चालेल असं हेडक्लार्क म्हणतो. मला पेन धरायला शिकवणाऱ्या बाईकडे मी अंगठा मागतोय, ताई. दिलास तर शनिवारी अहवालाच्या प्रकाशनाला ती रांगेची गोष्ट न सांगता हा कागद वाचून दाखवीन. उरलेले गठ्ठे मी वाटू दिलेले नाहीत. पक्षाचे लोक चिडलेत, कदाचित तिकीटही जाईल. गेलं तर गेलं. नाही दिलास तरी मी तुझ्यावर रागावणार नाही, तो हक्क माझ्याकडे राहिलेला नाही. फक्त एक कर. अंगठा लावायच्या आधी कागद नीट वाच. तुझा मी वाचला नव्हता.

तुझाच, अजूनही तुझ्या मागे मागे येणारा,
शेपट्या