वाऱ्याची ग्रेड

२ जानेवारी २००६, अकोट
कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर आहे. चिमूटभर कापूस बोटांत धरला की माल कोणत्या ग्रेडचा ते मी डोळे मिटून सांगतो. पण यंदा सांगायचं कोणाला? पिकलंच कमी, आणि पिकलं ते व्यापारी बांधावरूनच उचलतात. आज केंद्रात एक बैलबंडी शिरली. लगबगीनं उठलो. गाडीवानानं अंजनगावचा रस्ता विचारला.
संकल्प : नव्या वर्षात रिकामं बसायचं नाही.

४ जानेवारी
संक्रांतीला मार्केट यार्डात पतंगांची स्पर्धा. जागेचा प्रश्नच नाही, यार्ड मोकळंच आहे. स्पर्धेचे मुख्य बशीरभाई, यार्डासमोरचे गादीवाले. दरवर्षी हे लोक मनाला येईल तेव्हा पतंग सोडतात. वाऱ्याचा वेग कोणी मोजतच नाही! बशीरभाईंना सविस्तर समजावलं. काल एकदा, आज दोनदा. शेवटी म्हणाले, "बरं भाऊ, झेंडा तुमच्याच हाती. हिरवा दाखवला का सोडू, लाल दाखवला का थांबू. आता मले पिंजाचं मशीन चालू करू द्या."
किती दिवसांनी कोणीतरी मला काही ठरवायला दिलं! घरी येईपर्यंत छाती फुगलेली होती.

६ जानेवारी
यंत्राचं डिझाइन फायनल. सायकलचा हब, चार स्पोक, टोकांना चार वाट्या. वाऱ्यानं वाट्या फिरणार, आपण फेरे मोजायचे. वाट्या घरातच सापडल्या. स्टीलच्या, अगदी कोऱ्या.

७ जानेवारी
त्या वाट्या हळदीकुंकवाचं वाण निघाल्या. बायको, सुभद्रा, म्हणाली, "आता बाया येतील त त्याईले काय वारा वाटू?" मी म्हटलं, विज्ञानासाठी त्याग करावा लागतो. तिनं विचारलं, कोणी? भोकं आधीच पाडून झाली होती.

९ जानेवारी
फेऱ्यांवरून वेग काढायचा तर आधी एक पक्का वेग माहीत पाहिजे. म्हणून अकोल्याच्या एसटीत बसलो आणि यंत्र खिडकीबाहेर धरलं. झकास फिरलं. ड्रायव्हरला ओरडून स्पीड विचारला. तो म्हणे, "काटा कवाचाच बंद हाय. तुमच्या भिंगरीत पाहून तुमीच सांगा ना मले." कंडक्टरनं हात आत घ्यायला लावला, तोही उद्धटपणे.
वेग चाळीस धरला. अनुभवी माणसाचा अंदाज म्हणजे मोजमापच.

११ जानेवारी
यंत्र बशीरभाईंच्या दुकानाच्या छपरावर, टिनांवर बसवलं. यार्डाजवळ तेवढं उंच दुसरं काही नाही. हबमध्ये सढळ हातानं ग्रीस भरलं. आता संक्रांतीपर्यंत हात लावायचा नाही, असा नियम केला. यंत्राला वाऱ्याची सवय व्हायला हवी. दुकानात दिवसभर गाद्या पिंजणं चालू, शिंकून शिंकून हैराण झालो.

१४ जानेवारी, सकाळ
इस्त्रीचा शर्ट. दोन्ही झेंडे घेतले. निघताना सुभद्रा म्हणाली, "तो लिंब पाहा कसा हालून राहिला." झाडांवर विसंबायचे दिवस गेले, हे बायकांना कोण सांगणार?

१४ जानेवारी, संध्याकाळ
यंत्र एक फेरासुद्धा फिरलं नाही. वारा शून्य. नियमाप्रमाणे लाल झेंडा दाखवला. तो हातात जोरजोरात फडफडत होता, त्यामुळे लोकांचा गैरसमज झाला. माइकवरून खुलासा केला की ही वरवरची हवा आहे. सगळे मांजाच्या चक्र्या धरून बसले. यार्डाबाहेर मात्र अख्ख्या अकोटचं आभाळ पतंगांनी भरलेलं. मग एकानं सोडला. मग सगळ्यांनीच. मी लाल झेंडा दाखवतच होतो. शेवटी तो हातातून सुटून कोणाच्या तरी मांजात अडकला, आणि लोकांनी 'ओ काट' म्हणून टाळ्या वाजवल्या.
माझ्याशी भांडायलाही कोणी आलं नाही. त्याचं जास्त वाईट वाटलं.

१५ जानेवारी
बशीरभाईंसोबत टिनांवर चढून यंत्र उतरवलं. ग्रीसला रुई चिकटून हब पार जाम झाला होता. म्हणजे डिझाइन बरोबरच होतं! बशीरभाईंना हे दोनदा सांगितलं. ते हो म्हणाले.
वाट्यांमध्येही रुई साठली होती. पांढरी, स्वच्छ. सवयीनं चिमूट बोटांत धरली. काय धागा! डोळे मिटून जाहीर केलं : सुपर ग्रेड, यंदाचा ताजा माल, दर्यापूरकडचा. सीझनभर हे वाक्य तोंडात अडकून होतं. फार बरं वाटलं.
बशीरभाईंनीही चिमूटभर रुई उचलून पाहिली. मग हळूच म्हणाले, "भाऊ, वहिनीनं जुनी गादी पिंजाले देली होती ना, तिचीच रुई हाय हे. तुमच्या लग्नातल्या गादीची."
दुपारी गादी घरी आली. पडून पाहिलं. मऊ झाली आहे. ग्रेड काढली नाही.