नाव न लिहिता

माघ शुद्ध ३, शके १७८६. अमरावती

सवालपत्र सपशेल फसलं! रेच्यावर कापसातली सरकी काढणाऱ्या बायांना विचारायला साहेबांनी बत्तीस सवाल दिलेत. सगळे विचारले. प्रत्येकाला जबाब एकच — "हो जी."

माघ शुद्ध ६

आज सवालपत्र पिशवीतच ठेवलं. पार्बताबाईच्या रेच्याशेजारी जमिनीवर बसलो, माहेर विचारलं. हिवरखेड म्हणाली. मग आपणहून बोलत गेली. अमेरिकेत लढाई, म्हणून इकडच्या रुईला सोन्याचा भाव. गोवर्धनशेठ गठ्ठे बांधण्याआधी रुईवर पाणी मारायला लावतो, आत जुनी, कुजकी रुई दडवतो. नाही म्हणेल तिचं काम बंद.

बोलता बोलता एकदम थांबली.

"भाऊ, माहं नाव नाही ना लिवत तुमी?"

नाही लिहिणार म्हणालो. जानव्याला हात लावून शपथ घेतली.

माघ शुद्ध ७

काल ऐकलेलं सगळं लिहून शिरस्तेदार वामनरावांच्या हाती दिलं. असा कागद या कचेरीत आजवर आला नाही, म्हणाले. लगेच साहेबांकडे पाठवला. दिवसभर हवेत होतो.

माघ वद्य २

पार्बताबाईला कामावरून काढलं! शेजारच्या रेच्यावरच्या सुभद्रेनं सांगितलं. साहेबांनी गोवर्धनशेठला बोलावून माझा कागद वाचून दाखवला म्हणे. शेठ तिथून निघाला तो थेट तिच्यापुढे येऊन उभा राहिला.

नाव कुणी फोडलं? वामनरावांनी — दुसरं कोण! शेठच्या ओसरीवर त्यांची रोजची बैठक; मी कुणाच्या रेच्याशेजारी बसलो ते त्यांनी हुडकलंच असेल.

माघ वद्य ३

वामनराव समोरून आले, मी मान वळवली. या गावात मी नवा होतो तेव्हा दोन महिने त्यांच्या घरी जेवलो. आणि हा माणूस असा निघावा! अन्न गोड लागत नाही.

माघ वद्य ४

पार्बताबाईकडे गेलो. बोचकं बांधून तयार होती, भावाकडे निघालेली. सांगितलं, मी नाही, वामनरावांनी दगा दिला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"वामनराव कोन, मले ठाव नाही. मी तं तुमाले सांगतलं होतं."

बोचकं डोक्यावर घेतलं आणि गेली. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

माघ वद्य ५

दफ्तरातून माझा कागद काढून वाचला. नाव कुठंच नाही. वामनरावांनी एक अक्षर बदललेलं नाही. तिसरी ओळ माझ्याच हातची — 'डाव्या हाताची दोन बोटं रेच्यात गेलेली एक विधवा सांगते की...'