शंभरातले चार दोने

अन् तरी मी म्हणतो, माय, ते चार दोने तू बाजूला काढून ठेवू शकत होती. गड्डी शहाण्णवची झाली असती तर काय बिघडलं असतं? कॅटरर काही मोजत बसला नसता. पण तू आपल्या बोलण्यावरून हलली नाही, मी त्या दिवशी जेवलो नाही, अन् आपलं भांडण तिथंच राहून गेलं. तू जाऊन आता आठ वर्षं झाली. मी इकडे गुजरातेत कागदी कपाच्या कारखान्यात चार वर्षांपासून मशीन चालवतो, अन् ते भांडण माझ्यासंगं रेल्वेत बसून इथपर्यंत आलं. ते एकदाचं मिटवावं म्हणून लिहून राहिलो. तुले वाचता येत नव्हतं, हे मले माहीत आहे. हा कागद कुठं टाकायचाही नाही.

रायपूरच्या गुढियारीतली आपली मागची खोली मले अजून जशीच्या तशी दिसते. मालधक्क्याकडून ट्रकांचे आवाज येऊन राहिले आहेत, अन् तू दारात पाय पसरून, मांडीवर माहुलाची पानं घेऊन बसली आहे. एक पान, त्यावर दुसरं, कड दुमडायची, बांबूची काडी खुपसायची, उरलेली मोडायची. तुझं ध्यान रस्त्यानं जाणाऱ्या बायांकडे, तोंड चालूच, अन् हातात द्रोणासारखा दोना तयार. मी आठवीतून शाळा सोडून घरी बसलो होतो. अंगात नुसती वळवळ, आज हे करू, उद्या ते करू. बाजारात पाहून आलो होतो की हिरवं पान छापलेल्या वस्तूले लोक जास्त पैसे देतात. मग मी हिरवा स्केचपेन आणला, वहीचे कागद फाडले, अन् तुझ्या गड्ड्यांवर लावायले चिठ्ठ्या केल्या. वर पानाचं चित्र, खाली मोठ्या अक्षरात मजकूर. लय खूश होतो मी.

"काय लिवलं बे?" तू विचारलं.

"शंभर टक्के नॅचरल."

"म्हणजे?"

"म्हणजे शंभरातले शंभर पानाचे. जंगलातून आले, मातीत गेले."

तू दातातली काडी काढून हसली. "मंग खोटं लिवलं, पोट्ट्या. काल सांजच्याले काड्या सरल्या होत्या. सिमेंटच्या पोत्याची शिलाई उसवून त्या नायलॉनच्या दोऱ्यानं चार दोने टाचले मी. याच गड्डीत आहेत."

"काढून टाक ना मंग ते चार."

"गड्डी शंभराची आहे. पानं आता सोमवारी येतील. तू असं कर, लिही, चारात दोरा आहे."

"कोणता दुकानदार असं लिवते, माय?"

"दुकानदाराचं मले काय माहीत. दोने मी केले. कशात काय आहे ते मलेच माहीत. मी नाही सांगितलं तर कोण सांगन?"

अन् तू मले लिहायले लावलं. हिरव्या पानाखाली, माझ्याच हातानं: 'चार में धागा है.' गड्डी घेऊन आपण गेलो, तर कॅटररनं चिठ्ठी वाचली अन् खो-खो हसला. म्हणे, "बाई, अपने माल की बुराई कौन लिखता है?" तू पदरानं घाम पुसत म्हणाली, "बुराई नहीं है भैया, गिनती है. वो चार अलग फेंकना. जूठा दोना गाय खाती है, धागा उसके पेट में रह जाता है." त्यानं माल घेतला, पण जुन्याच भावानं. माझ्या पानाच्या चित्राचा एक रुपया मिळाला नाही. घरी येता येता मी तुले म्हणलं, "लोक एकाचे हजार सांगतात, अन् तू शंभरातले चार कमी करते!" पोरगं उपाशी निजलं म्हणून तू रुसलीही नाही. दुसऱ्या दिवशी मालधक्क्यावरून काड्यांसाठी एक अख्खा बांबू खांद्यावर घेऊन आली.

आता इथलं सांगतो. आमची मशीन एका बाजूनं कागद गिळते अन् दुसऱ्या बाजूनं कप थुंकते. पहिला महिना मी नुसता आ वासून पाहत राहिलो. अन् प्रत्येक कपावर काय, तर हिरवं पान! खाली मजकूर, की पर्यावरणाले चांगला, नव्वद दिवसांत मातीत मिळतो. मले वाटलं माझंच चित्र चोरलं यांनी. तर यंदा उन्हाळ्यात एका मोठ्या गिऱ्हाइकानं विचारलं, हे तुम्ही छापता ते कशावरून? सुपरवायझरनं मले समजावलं, की हे सांगायले दुसरं कोणी येत नाही, कंपनी स्वतःच आपल्या मालाबद्दल लिहून देते. त्याले स्वघोषणा म्हणतात. फक्त पुरावा जवळ ठेवावा लागतो, कोणी मागितला तर दाखवायले. माय, मी चाट पडलो. साहेब लोकांच्या फायलीत, शिक्के मारून, जे चालते, ते तू आपल्या दारात पाय पसरून करत होती! मी सुपरवायझरले विचारलं, मग पुरावा? त्यानं रजिस्टर उघडलं. लिहूनच ठेवलं होतं, दहा कप मातीत गाडले, नव्वद दिवसांत माती झाले. खाली गाडणाऱ्याची सही बाकी. म्हणे, "तू देहात की तरफ का है, तू साइन कर."

"कब गाड़े, भैया?"

"अरे, कागज पर गाड़े."

मी म्हणलं, सही करतो, पण एक तरी खरा गाडून पाहू द्या. तो हसला. गिऱ्हाइकाले कागद दिवाळीनंतर द्यायचा होता, म्हणून म्हणाला, जा, गाड. मी जेठ महिन्यात सुटीवर रायपूरले गेलो तेव्हा बॅगेत एक कप होता. आपल्या घरामागचा उकिरडा, ज्याले शेजारपाजारच्या बाया घुरवा म्हणतात, जिथं तू फाटकी पानं फेकायची, तिथं खड्डा केला. अन् मग मले काय सुचलं माहीत नाही. घरात तुझ्या फोटोखाली तुझ्या हातचा एक दोना होता, शेवटचा. ताई त्यात फुलं ठेवायची. ताई नळावर गेली होती. मी तो उचलला अन् कपाच्या बाजूला ठेवून माती लोटली. तुझ्याशीच पैज लावली होती मी. माझा कप की तुझा दोना.

दिवाळीत गेलो अन् पहिल्याच सकाळी उकरायले बसलो. कप लगेच सापडला. बाहेरचा कागद गळून गेला होता, एका तुकड्यावर अर्धं हिरवं पान, अन् आतली प्लॅस्टिकची पन्नी कपाच्या आकारात जशीच्या तशी उभी. ताई पाठीमागून आली. "काय पुरलं होतं बे, सोनं?" म्हणलं, कंपनीचा कप. तिनं बोटानं उचलून पाहिला. "याले तर काही झालंच नाही. धुऊन याच्यातच चहा देऊ का?" अन् हसत आत गेली.

मी दोना शोधत राहिलो. खड्डा तोच, जागा तीच, पण पान म्हणून काही नाही. काळी, मऊ, ओलसर माती, पानं भिजवल्यावर तुझ्या हाताले यायचा तो वास. आठ वर्षं घरात टिकलेली वस्तू पाच महिन्यांत कुठं गेली? कोणी नेली? मग बोटाले एक पांढरं मूळ लागलं. उचललं तर मूळ नव्हतं. दोरा होता, माय. पोत्याच्या शिलाईचा. त्याचे टाके तसेच होते, प्रत्येक टाका काहीतरी घट्ट धरून बसल्यासारखा गोल वळलेला, अन् मधी काहीच नव्हतं, नुसती माती. हा दोनाही तू काड्या सरल्यावर दोऱ्यानंच टाचला होता. आठ वर्षं आम्ही त्यात फुलं वाहिली अन् कोणी उलटून पाहिला नाही. तू शाळेची पायरी चढली नव्हती, मातीच्या पोटात काय होते ते तुले कोणी शिकवलं नव्हतं, अन् तू सांगितलं होतं ते मातीनं टाक्याले टाका तसंच माझ्या हातावर ठेवलं. पान जाईन, दोरा राहीन. तुझा मालही शंभरातला शंभर नव्हता. फक्त तू ते सांगून टाकलं होतं.

परत आलो तेव्हा रजिस्टर टेबलावर तयार होतं. मी लिहिलं, "एक कप गाड़ा. कागज गया. अंदर की पन्नी वैसी ही है." अन् खाली सही केली. सुपरवायझरनं दोनदा वाचलं. मले विचारलं, तब्येत ठीक आहे ना. मग ते पान फाडून खिशात घातलं, अन् दुसऱ्या दिवसापासून मले मशीनवरून काढून लोडिंगले लावलं. ओव्हरटाइम बंद. आता दिवसभर खोके ट्रकात चढवतो, प्रत्येक खोक्यावर हिरवं पान. कप चालूच आहेत, माय, माझ्या सहीनं काही थांबलं नाही. पण खांदे दुखतात तेव्हा मले तुझ्या खांद्यावरचा तो बांबू आठवते, अन् ते भांडण मी हरलो याचं लय बरं वाटते.

ताईले वाटते दोना उंदरानं नेला. मी तिले अजून सांगितलं नाही. तुले तरी खरी गिनती सांगतो. दोना मी नेला, दोरा माझ्या पाकिटात आहे, अन् घराच्या छपराच्या पत्र्यांसाठी ताईले दर महिन्याले जातात ते पाच हजार नाही, या महिन्याले अठराशे रुपये पाठवून राहिलो.