नात्यातलं शैवाल

३ नोव्हेंबर
आले एकदाची! खाली प्रयोगशाळा, वर राहायची खोली, खिडकीभर समुद्र. नोकरी मावशीच्याच जागेवर मिळाली. गेल्या वर्षी ती इथल्या खडकांवरून भरतीत वाहून गेली, सापडलीच नाही. शिपाईकाका सांगत होते, बाई शेवटी शेवटी रोज माझीच आठवण काढायच्या. ऐकून डोळे भरून आले. सुट्टी लागली की लेकही येईल, मग खोलीचा पार उकिरडा होणार.

७ नोव्हेंबर
घबाड! ओहोटीला कपारीत लालभडक शैवाल सापडलं, केसांसारखं बारीक. कुठल्याच वर्णनाशी जुळत नाही. ट्रेमधल्या पाण्यात तरंगवलं, खालून कागद सरकवला, डाव्या बोटांनी धरून कुंचल्याने फांद्या सोडवल्या. नवी जात ठरली तर नाव मावशीचं.

आहे मात्र बांडगूळ. लाल शैवालांतली बांडगुळं बहुतेक जवळच्या नातलगावरच पोसतात आणि हळूहळू त्याला आपल्यासारखं करून टाकतात. भाऊबंदकी काय फक्त माणसांतच असते! तेव्हा ज्याच्यावर ते वाढलंय तो बुडखा ओळखला की निम्मं वर्गीकरण झालं.

१० नोव्हेंबर
बुडख्याचा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला. शैवालाच्या पेशींना भिंत असते. यांना नाही. हे मांस आहे. मासा असेल, अशी मनाची समजूत घातली. 

१२ नोव्हेंबर
बुडख्यात नख निघालं. माणसाचं.

शिपाईकाकांनीही ते शैवाल हाताळलंय, त्यांना काहीच नाही. माझ्या डाव्या हाताच्या नखाखाली मात्र लाल धागा. उपटला. पुन्हा आला. परक्याला ते धरत नाही, नातलगालाच धरतं— मावशी, ते नख तुझं आहे का?

१३ नोव्हेंबर
मनगटापर्यंत. दुखत नाही, त्याचीच जास्त भीती वाटते.

येऊ नको म्हणून लेकीला फोन केला, तर ती निघालीसुद्धा. म्हणाली, तूच नाही का मेसेज केलास, ‘लवकर ये गं पोरी’.

मी तिला पोरी म्हणत नाही. मावशी मला म्हणायची.

१४ नोव्हेंबर
काकांना बजावलं होतं, लेकीला फाटकातूनच परत पाठवा— ते म्हणतात, आत्ताच तर तुम्ही वर सोडायला सांगितलंत—

जिन्यावर तिची पावलं. कडी लावलीय. ओरडायला गेले तर तोंडात खारं पाणी. हे पान दाराखालून सरकवते— उजव्या हाताने लिहितेय— डावा कडीकडे चाललाय, आवरत नाही—

बाळा, वाच आणि पळ. दार उघडलं तरी माझा हात धरू