सोलापुरात हरलेला भारत

भूम, ता. ९ एप्रिल १९७३

श्री. लिंबाजी मेहुणे यांस हरिबाचा रामराम. तुमच्या गुडघ्याला उतार पडला असेल. कळंबच्या हातपंपाला अजून पाणी लागतं हे ऐकून बरं वाटलं (इथला नुसता खोकतो). आमची मेंढरं दिवाळीआधीच विकली, ते तुम्हांला ठाऊकच आहे.

मी तलावाच्या दुष्काळी कामावर मुकादम. शेजारी बोअर पाडायला अमेरिकेचं मदतपथक आलंय. त्यातल्या एका साहेबानं सुट्टीच्या वक्ताला आम्हांला त्यांचा खेळ शिकवला. नाव फुटबॉल, पण चेंडू हातात धरून पळायचं (असं का, म्हणून विचारलं, तर साहेबही विचारात पडला). चेंडू पपईसारखा लांबट. कमरेला दोन्ही बाजूंनी कापडी पट्ट्या अडकवायच्या. पळणाऱ्याची पट्टी कुणी उपटली की तो थांबला. त्यांच्या देशात म्हणे एकमेकांच्या अंगावर पडून खेळतात. उपाशी माणसांवर पडणं साहेबाला बरं वाटेना, म्हणून हा पट्ट्यांचा प्रकार.

एके दिवशी तुमच्या बहिणीनं, धुरपतानं, मातीची पाटी खाली ठेवून गंमत म्हणून चेंडू घेतला. मेंढरांमागं जन्म काढलेली बाई. पदर खोचून बांधाच्या या टोकापासून त्या टोकाला गेली, आठ गड्यांत एकाच्याही हाती पट्टी लागली नाही. साहेब म्हणाला, सोलापूरला मदतपथकांचे सामने आहेत, अमेरिका, जर्मनी आणि भारत (भारत म्हणजे आम्ही), या बाईला घ्या. मी म्हटलं, मुकादमाची बायको चारचौघांत पळणार नाही, आणि तिच्या जागी माझंच नाव घातलं. ती एवढंच बोलली, "तुमी पळनार? बरं."

सोलापुरात माझ्या हाती चेंडू एकदाच आला. समोर मैदान मोकळं. मी पळालो, आणि निम्म्यात धाप लागून खाली बसलो. मागून आलेल्या जर्मन गड्यानं पट्टी ओढायची सोडून मला पाणी पाजलं. काय निकाल द्यावा, पंचाला कळेना. भारत दोन्ही सामने शून्यावर हरला.

घरी आल्यावर धुरपतानं विचारलं, "मला न्हेलं असतं तर?"

मी रागात होतो. म्हणालो, बाईमाणसानं देशाची लाज घालवली असती. तिनं गाठोडं बांधलं आणि तुमच्याकडं यायला दुपारची एसटी धरली.

घरच्यांना नमस्कार.

आपला,
हरिबा

ता. क. धुरपताला पाठवून द्यावं. मला रेशनवरच्या त्या अमेरिकन ज्वारीच्या, लाल मिलोच्या, भाकरी थापता येत नाहीत.

ता. क. भाकरीचं लिहिलं ते खोटं आहे, शेजारची सिताबाई देते. पण घरात बोलायला कुणी नाही, ते लई जड जातंय.

ता. क. साहेब पुढच्या महिन्यात तुळजापूरला पुन्हा सामने ठेवतोय. यादीतलं माझं नाव खोडून तिचं लिहून आलोय. एवढं तिला वाचून दाखवा. भूमला यायचं नाही म्हणाली, तर तिकडूनच थेट तुळजापूरला पाठवा. मी कडेला उभा राहून बघीन.