राजदीपची लाल गाडी

दवनीवाडा,
ता. ११ मार्च २०२५

चि. अल्का,
सप्रेम जय भीम.

आम्ही दोघं ठीक आहोत. तुझ्या आईचे गुडघे तसेच. उन्हाळी धानाला पाणी सुरू आहे. आचलची परीक्षा जवळ आली असेल, पोरीला जास्त दटावू नकोस. फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहून राहिलो.

एक विचारायचं होतं. तुझ्या भावाची लाल गाडी विकायला निघाली आहे. घ्यावी का?

गोंदियाच्या ज्या लग्नाच्या लॉनवर ती नवरदेवांच्या फोटोसाठी उभी असायची, ते लॉन बंद होऊन तिथे दुकानं होणार आहेत. मालक भूपेंद्र सेठ फोनवर म्हणाले, "गुरुजी, आपके बेटे की निशानी है. ले जाओ, नहीं तो भंगार में जाएगी." मी म्हणालो, विचार करून सांगतो.

परवा पाहून आलो. जुन्या विलायती रेसच्या गाडीचा फोटो भिंतीला चिकटवून राजदीप सहा वर्षं मागच्या शेडमध्ये खपला, ते तू पाहिलंच आहेस. मारुतीचं जुनं इंजिन, घरीच साच्यावर थापलेली फायबरची बॉडी, दोनच सीटा, वर छत नाही. आता रंग उडाला आहे. एका सीटमध्ये उंदरांनी घर केलं आहे. पासिंग नाही, म्हणजे रस्त्यावर ती चालायचीच नाही. मग आणून करायचं काय? असा विचार करत पोतं अंथरून मी गाडीखाली शिरलो.

अल्का, तीस वर्षं मी आयटीआयमध्ये लोकांच्या पोरांना वेल्डिंग शिकवलं. त्याला एक दिवस शिकवलं नाही. तरी एकेक सांधा असा, की मी पैकीच्या पैकी गुण दिले असते. फक्त स्टेअरिंगजवळचा एक नुसते टाके मारून अर्धवट सोडलेला. तो माझ्यासाठी ठेवला होता त्यानं. म्हणाला होता, "बाबा, येवढा तुम्ही मारून द्या. मंग मले चालवाले भेव नाही लागणार."

मी म्हणालो, "मी भंगाराले हात लावत नाही."

घरी आलो तर तुझ्या आईनं विचारलं, "काऊन जी, रिकामेच आले? आना तिले घरी. तिथं उन्हात कायले ठेवता?"

 गाडी अंगणात आली की मला खरं बोलावं लागेल.

त्याच्या मयतीच्या दिवशी तू विचारलं होतंस, "बाबा, येवढ्या जीवाची गाडी विकून तो रायपूरले काऊन गेला?" मी म्हणालो, त्याची मर्जी. तेव्हापासून तू बोलली नाहीस.

गाडी त्यानं विकली नाही. मी विकली. तो नागपूरला मुलाखतीला गेला होता, आई तुझ्याकडे आली होती, त्या दिवशी मी ट्रक बोलावून ती चढवून दिली. परतल्यावर तो रिकाम्या शेडमध्ये किती तरी वेळ उभा होता. भांडला असता तर बरं झालं असतं. "बरं केलं बाबा, जागा मोकळी झाली," एवढंच बोलला. आठ दिवसांत रायपूरच्या लोखंडाच्या कारखान्यात लागला. अकरा महिन्यांनी तिथून भट्टीच्या अपघाताचा फोन आला.

ता. १७ मार्च

पत्र टाकायची हिंमत झाली नाही. सहा दिवस खिशात घेऊन फिरलो. आज सकाळी ठरवलं, घ्यायची. शेजारच्या बकारामची ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन गोंदियाला गेलो.

"गुरुजी, आपने फोन ही नहीं किया," भूपेंद्र सेठ म्हणाले. "कल ही कट गई."

कोपऱ्यात तुकडे रचून ठेवले होते. कापणारा हिमांशू माझाच जुना विद्यार्थी निघाला. पाया पडून म्हणाला, "सर, कोनं बनवली होती जी? पक्कं काम होतं. कापता कापता दमलो."

मी म्हणालो, "माह्या पोरानं."

त्यानं हातमोजे काढून ठेवले.

घरी तुझ्या आईनं अंगणातली लाकडं हलवून जागा करून ठेवली होती. रिकामी ट्रॉली पाहून ती लाकडं परत जागेवर रचू लागली. मी तिला सगळं सांगितलं, ट्रक बोलावल्यापासूनचं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि आत निघून गेली. दुपारी ताट वाढलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

मला माफ कर, असं लिहीत नाही. आईला तेवढा फोन कर. तिला कोणाशी तरी बोलू दे. फोन वाजला की मी बाहेर जाऊन बसेन.

राजदीपचा बाप,
शालिकराम